ठाण्याच्या फ्लॅटमधली 80 लिटरची मरीन टाकी: कशावर पैसे घालावेत, काय दुकानातच सोडून यावं

खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी लागणाऱ्या साहित्याच्या परदेशी याद्या पाहिल्या, तर दिवा, स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि हीटर ही तीन नावं सगळ्यात वर असतात. घोडबंदर रोडवरच्या किंवा नेरूळच्या फ्लॅटमध्ये ही यादी जवळजवळ उलटी करावी लागते. इथल्या टाक्यांना बाधतो तो उकाडा, टँकरचं पाणी आणि गेलेली वीज. त्यामुळे या परीक्षणातही वस्तू त्याच क्रमाने घेतल्या आहेत. हिशेबासाठी माप एकच धरलंय: 60 × 40 × 40 सेंटिमीटरची टाकी. काठोकाठ भरली तर 96 लिटर. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली की प्रत्यक्ष पाणी 80 लिटरच्या आसपास.

सुरुवात थंडाव्यापासून. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात बंद खोलीत दुपारी 32 ते 34 अंश सहज होतात. टाकीच्या पाण्याला 25-26 अंश लागतात. 24 ते 27 च्या आत राहिलं तरी काळजी नाही. पाणी 30 च्या वर काही दिवस राहिलं की प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. माशांची अडचण वेगळी आहे. खाऱ्या पाण्यात 25 अंशांना लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, 30 अंशांना तो सव्वासहाच्या खाली येतो आणि नेमकी तेव्हाच माशांची गरज वाढलेली असते. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड हलवताना दिसले, तर आधी थर्मामीटर बघा, औषधं नंतर.

टाकीच्या काठाला लावायचे छोटे पंखे सगळ्यांत स्वस्त, आणि तत्त्व म्हणून उत्तम. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता नेतं, तेवढ्यात 80 लिटर पाणी सुमारे सात अंशांनी उतरावं. पण वाफ व्हायला हवा कोरडी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पंखा छान काम करतो. मे महिन्यात दोन-तीन अंश मिळतात, म्हणजे 33 चे 30. जुलैत हवेत 85-90 टक्के आर्द्रता असताना तो नुसताच फिरतो. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) बिघडला तर हाताशी असावा म्हणून एक घेऊन ठेवा, भरवसा मात्र त्याच्यावर ठेवू नका.

पेल्टियर तत्त्वावरचे (कॉम्प्रेसरशिवाय, विजेच्या चकतीने थंड करणारे) ‘मिनी चिलर’ ऑनलाइन फार दिसतात. छोटे, किंमत मोहात पाडणारी. दहा-पंधरा लिटरच्या डब्याला, तेही वातानुकूलित खोलीत, चालतील. 80 लिटरला 33 अंशांच्या खोलीत ते दिवसरात्र वीज खातील आणि पाणी एखाद्या अंशाने उतरवतील. हे दुकानातच सोडा.

बेडरूमच्या एसीवर टाकी ठेवायचा बेत बरेच जण करतात. एसी रात्री चालतो, दुपारी बंद, त्यामुळे पाणी रोज चार-पाच अंश वरखाली होतं आणि टाकीतल्या जिवांना हे स्थिर 28 पेक्षाही वाईट जातं. शिवाय दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो, तो पाण्यात उतरतो आणि पीएच 7.8 पर्यंत घसरतो. एसी चोवीस तास चालणार असेल तरच हा मार्ग धरा.

राहिला कॉम्प्रेसरचा चिलर. या मापाला एक दशांश हॉर्सपॉवरचा पुरतो. हायलिया, रेसन यांसारख्या कंपन्यांचे इथे मिळतात. बाकी सगळ्या सामानातली ही सर्वांत महाग वस्तू ठरू शकते आणि तरीही पहिली खरेदी हीच असावी. घेताना तीन गोष्टी पाहा. उष्णता-विनिमय करणारी नळी टायटॅनियमची आहे हे लेखी मागा. फ्रिज दुरुस्त करणारे जुन्या डीप फ्रीझरचा कॉम्प्रेसर लावून चिलर बनवून देतात. त्यात तांब्याची कॉइल असेल तर खारं पाणी तांबं विरघळवतं आणि कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ काही दिवसांत जातात. दुसरं, पेटीवर ‘इतक्या लिटरसाठी’ असं छापलेलं असतं ते खोलीचं कुठलं तापमान धरून, ते विचारा. थंड देशासाठी छापलेला आकडा इथे निम्मा धरावा. तिसरं, पंपाचा प्रवाह. चिलरच्या पुस्तिकेत ताशी किमान आणि कमाल लिटर दिलेले असतात. पाइपची लांबी आणि वळणं यांत पंपाचा छापील प्रवाह बराच घटतो, म्हणून त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला बसणारा पंप घ्या.

मग येते जागेची चूक. चिलर टाकीखालच्या कपाटात बंद करून ठेवला की तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. कॉम्प्रेसर थांबतच नाही, बिल वाढतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात मशीन बसतं. जाळीच्या बाजूला आणि पंख्यासमोर किमान 30 सेंटिमीटर मोकळी जागा हवी, जमलं तर बाल्कनीच्या दाराशी. महिन्यातून एकदा जाळीवरची धूळ ब्रशने काढा. हमरस्त्यालगतच्या इमारतींत पंधरा दिवसांनी. थर्मोस्टॅट 26 वर, फरक एक अंशाचा. चिलरच्या आकड्याची वेगळ्या थर्मामीटरने खातरजमा करा, संवेदक एक-दीड अंश चुकणं नवलाचं नाही.

हीटर? जानेवारीत येऊरच्या बाजूला रात्री खोली गार होते, तेवढ्यापुरता 100 वॅटचा एक ठेवा आणि 24 वर लावा. चिलर आणि हीटर यांच्या सेटिंगमध्ये दोन अंशांचं अंतर नसेल तर दोघं एकमेकांशी भांडत बसतात आणि मीटर पळतं.

आता पाणी. नवी मुंबईला मोरबे धरणाचं आणि ठाण्याच्या बऱ्याच भागाला भातसाचं पाणी येतं, ते तुलनेने मऊ असतं. पण घोडबंदर पट्ट्यातल्या कित्येक सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर येतात, काही ठिकाणी बोअरवेलचं पाणी मिसळतात. म्हणजे नळ तोच, पाणी महिन्यागणिक वेगळं. नुसती अटकळ बांधण्यापेक्षा एक टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या आणि नळाचं पाणी आठवड्यातून एकदा मोजा.

स्वयंपाकघरातलं आरओ इथे चालत नाही, कारण बहुतेक घरगुती मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. काढलेले क्षार ते परत सोडतं. टाकीसाठी चार टप्पे लागतात: गाळाचा फिल्टर, कार्बन, 75 जीपीडीचा (दिवसाला 75 गॅलन) आरओ मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे). मेम्ब्रेन 95 ते 98 टक्के क्षार अडवतो. आत 100 टीडीएसचं पाणी गेलं तर बाहेर 2 ते 5 येतं, रेझिन ते शून्यावर आणतं आणि महिनोन्महिने टिकतं. आत 800 चं टँकरचं पाणी गेलं की रेझिनवर 16 ते 40 चा बोजा पडतो आणि ते काही आठवड्यांत संपतं. टाकीत तपकिरी शेवाळ अचानक वाढलं की दोष दिव्याला दिला जातो, संपलेलं रेझिन कोणी तपासत नाही.

दाब हा इथला खास मुद्दा. मेम्ब्रेनची क्षमता सुमारे 60 पीएसआय दाबाला मोजलेली असते. गच्चीवरच्या टाकीपासून दहा मीटर खाली, म्हणजे साधारण तीन मजले उतरल्यावर, तुम्हाला जेमतेम 14 पीएसआय मिळतो. वरच्या मजल्यांवर त्याहूनही कमी. अशा दाबाला पाणी थेंबथेंब येतं आणि वाया जाणारं प्रमाण भलतंच वाढतं. घरगुती आरओत लागणारा 24 व्होल्टचा बूस्टर पंप कुठल्याही आरओ दुरुस्तीवाल्याकडे मिळतो, तो जोडा. तरीही एका लिटरमागे सुमारे तीन लिटर निचरा होतो. आठवड्याला 8 लिटर बदलायला आणि दहा-अकरा लिटर टॉप-अपला (वाफ होऊन उडालेलं पाणी भरायला) धरले, तर 50-60 लिटर निचऱ्याचं पाणी बादलीत धरून लादी पुसायला, संडासात टाकायला वापरा. कार्बन फिल्टर सहा महिन्यांनी बदलावा, क्लोरीन त्यातून निसटलं तर आधी मेम्ब्रेन खराब होतो.

खाडीचं किंवा चौपाटीचं पाणी गाळून वापरण्याचा सल्ला अजूनही कुणीतरी देतंच. ठाणे खाडीत सांडपाणी, गाळ आणि भरती-ओहोटीगणिक बदलणारी क्षारता आहे. फ्लेमिंगोंना ते मानवतं, तुमच्या क्लाउनफिशला नाही.

मीठ: रेड सीची निळी बादली मऊ प्रवाळांच्या टाकीला योग्य. तिची अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता, डीकेएच या एककात) 8 डीकेएचच्या आसपास बसते, म्हणजे टाकीत जेवढी ठेवायची तेवढीच. त्याच कंपनीचं कोरल प्रो 12 च्या घरात जातं. ते झपाट्याने वाढणाऱ्या दगडी प्रवाळांसाठी आहे, इथे त्याचे जादा पैसे देण्यात अर्थ नाही. लिटरमागे साधारण 38 ग्रॅम धरा: पहिल्या भरणाला तीन किलो, मग आठवड्याला 300 ग्रॅम. 7 किलोची बादली पहिलं भरण आणि वर तीन महिने पुरवते. सुटं, किलोवर तोलून दिलेलं मीठ घेऊ नका. पावसाळ्याच्या दमट हवेत ते ओल धरतं, गोळे होतात आणि कॅल्शियम विरघळण्याऐवजी पांढऱ्या साक्याच्या रूपात बादलीच्या तळाशी बसतं. नेहमी पाण्यात मीठ टाका, मिठावर पाणी ओतू नका. छोटा पंप सोडून पाणी नितळ होईपर्यंत फिरवा.

क्षारता 35 पीपीटी (हजारात 35 भाग), विशिष्ट गुरुत्व 1.025-1.026. काटा हलणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर टाळा, काट्यावर एक बुडबुडा चिकटला की आकडा चुकतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो आरओ पाण्यावर नव्हे, 35 पीपीटीच्या प्रमाण द्रावणावर जुळवा. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही: त्यावर ‘एटीसी’ लिहिलेलं असतं, म्हणजे तापमानाची दुरुस्ती तो आपोआप करतो, पण सहसा 10 ते 30 अंशांतच. मे महिन्यात 33 अंशांच्या खोलीत ठेवलेलं यंत्र त्या पट्ट्याबाहेर असतं. मोजणी सकाळी करा, थेंब टाकून अर्धा मिनिट थांबा, मग वाचा.

वीज. महावितरणचा पुरवठा गेला की पहिला तासभर तापमानाची घाई नसते, 80 लिटर पाणी हळू तापतं. आधी संपतो तो प्राणवायू. म्हणून बॅकअप चिलरला देऊ नका, पाणी हलतं ठेवायला द्या. सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे यूएसबीवर चालणारा एक वॅटचा हवापंप आणि 10,000 एमएएचची पॉवर बँक. रात्रभर आरामात चालतो, फक्त तो लावायला घरात कोणीतरी हवं. घरी कोणी नसेल तर वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा पंप घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा पंप) टाकायचा असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे का ते बघा. स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुरगुरतात आणि तापतात. चिलर मात्र इन्व्हर्टरच्या लाइनवर नकोच. वीज ये-जा करत असेल तेव्हा लगेच पुन्हा सुरू होण्याने कॉम्प्रेसरला इजा होते, त्यासाठी तीन मिनिटांचं टाइम-डिले देणारं उपकरण फ्रिजच्या स्टॅबिलायझरसोबत मिळतं.

दिव्याकडे वळण्याआधी कायद्याचा विषय घ्यावा लागतो, कारण दिव्याची किंमत त्यावर ठरते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे संरक्षित आहेत. भारतीय किनाऱ्यावरून उचललेला ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे बहुतेकदा प्रवाळाचाच सांगाडा. विक्रेता कागद दाखवत नसेल तर ‘सगळे ठेवतात’ या उत्तरावर थांबू नका, दुकानातून बाहेर पडा. टाकीत मशरूम, झोअँथिड आणि लेदर हे मऊ प्रवाळ ठेवा, दगड मानवनिर्मित कोरडा घ्या. आठ किलो पुरे. झोअँथिड हाताळताना हातमोजे घाला आणि ते चिकटलेले दगड कधीही उकळू नका. काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं आणि वाफेतून ते फुफ्फुसांत जातं.

या मऊ प्रवाळांना 50 ते 120 पीएआर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेडाचं माप) उजेड पुरतो. म्हणून 300 पीएआर देणारा दिवा घेणं म्हणजे गल्लीत चालवायला ट्रक घेण्यासारखं. केसिल ए80 हा 15 वॅटचा दिवा सुंदर, पंखा नसल्याने बिनआवाजाचा आणि मिठाच्या तुषारांनी बिघडायला आत काही फिरत नाही. पण 60 सेंटिमीटर लांबीला दोन लागतात, एकाने कडेला अंधार राहतो. एआय प्राइम 16 एचडी एकच पुरतो; टाकीपासून 20-25 सेंटिमीटर वर टांगा आणि 40-50 टक्क्यांवर चालवा. त्याला पंखा आहे, शांत बेडरूममध्ये तो ऐकू येतो. नूप्सायकी के7 हा स्वस्त पर्याय मऊ प्रवाळांसाठी पुरेसा आहे, निवड बजेटवर सोडा. गोड्या पाण्यातल्या वनस्पतींचा पांढरा 6500 केल्विनचा दिवा मात्र इथे शेवाळाचीच शेती करतो. नवा दिवा पहिले दोन आठवडे तीस टक्क्यांवर ठेवा, दिवसाला आठ तास. खिडकीतलं थेट ऊन टाळा, ते उजेड आणि उष्णता दोन्ही वाढवतं.

प्रवाह ताशी टाकीच्या वीसपट, म्हणजे 1600 लिटरच्या आसपास हवा. टुंझे 6015 फक्त 3.5 वॅटमध्ये 1800 लिटर देतो, पाण्यात फारशी उष्णता सोडत नाही, मऊ प्रवाळांना एवढा बस्स. जेबाओचे डीसी वेव्हमेकर वेगवेगळ्या लयीत चालतात आणि स्वस्त पडतात. या मापाला सगळ्यांत लहान घ्या आणि तोही खालच्या वेगावर, नाहीतर वाळू उडून प्रवाळांवर बसते. व्होर्टेक एमपी10 ची मोटर काचेबाहेर राहते, इथल्या उकाड्यात तो मोठा गुण, पण 80 लिटरला ती चैन आहे. कुठलाही वेव्हमेकर दोन-तीन महिन्यांनी काढून पाणी आणि व्हिनेगर समप्रमाणात घेऊन अर्धा तास बुडवावा. चुना साचलेला रोटर वीज गेल्यानंतर पुन्हा सुरू होत नाही, आणि हे नेहमी तुम्ही गावाला गेल्यावरच कळतं.

फिल्टरबद्दल मतं फार आहेत. पहिल्या टाकीला मागे कप्पे असलेली ऑल-इन-वन बरी. कप्पे 10-12 सेंटिमीटर खातात, पण चिलरचा पंप, हीटर, टॉप-अपचा संवेदक सगळं नजरेआड राहतं. साधी टाकी असेल तर सीकेमचा टायडल 55 काठाला लावा. त्याची मोटर पाण्यात बुडालेली असते, त्यामुळे वीज परत आल्यावर तो स्वतः पाणी ओढतो. कॅनिस्टर फिल्टर महिना-महिना उघडला जात नाही आणि आत सडलेल्या गाळातून नायट्रेट वाढत राहतं. स्किमर या मापाला लागत नाही, आठवड्याला 10 टक्के पाणी बदललं की त्याचं काम भागतं. ते पैसे चिलरमध्ये घाला.

ऑटो टॉप-अप मात्र सोडू नका. पंखा चालू असला तर दिवसाला दीड लिटर उडतं आणि क्षारता एका दिवसात 35 वरून 35.7 वर जाते. दोन दिवस लग्नाला गेलात की मासे नाही, पण कोळंबी कुरकुरते. ऑटोअ‍ॅक्वाचा स्मार्ट एटीओ मायक्रो लहान आहे, प्रकाशीय संवेदकावर चालतो. तरंगत्या गोळ्यावर चालणाऱ्या स्विचसारखा गोगलगायीने अडकत नाही. त्याची काच दर आठवड्याला पुसा. नळीचं टोक पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर पंप थांबल्यावरही सायफनने अख्खी बादली टाकीत रिकामी होते. टॉप-अपच्या बादलीत नुसतं आरओचं पाणी, मीठ नाही.

टेस्ट किट चार पुरे: सुरुवातीला अमोनिया, नंतर नायट्रेट, फॉस्फेट आणि अल्कलिनिटी. सॅलिफर्टची किट विश्वासाची आहेत. अल्कलिनिटीसाठी हॅनाचा एचआय772 डोळ्यांच्या अंदाजावर सोडत नाही. अमोनिया घालून टाकी सायकल व्हायला, म्हणजे तो पचवणारे जिवाणू वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे आणू नका. नंतर क्लाउनफिशची एक जोडी आणि एखादा गोबी, एवढीच या पाण्याची ऐपत. क्लाउनफिश टाकीत पैदास झालेलेच मागा. त्यांचं प्रजनन देशात होतं, समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा ते कोरडं खाणं लवकर घेतात.

कपाटाला पार्टिकल बोर्ड नको, मिठाच्या ओलीने वर्षभरात फुगतो. आयएस 710 चा मरीन प्लाय घ्या, कडा आतूनही रंगवा. सगळं मिळून वजन सव्वाशे किलोच्या आसपास जातं. काच 8 मिलिमीटर, एक्स्ट्रा क्लियर फक्त समोरची. विजेच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावून घ्या, प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोकून मग वर न्या म्हणजे ओघळणारं खारं पाणी सॉकेटपर्यंत पोचणार नाही, आणि एक्स्टेन्शन बोर्ड कपाटाच्या तळाशी ठेवू नका.

शेवटी जुन्या सामानाबद्दल. कुर्ल्यापासून वाशीपर्यंत वापरलेले चिलर आणि दिवे बरेच फिरत असतात. दिवा जुना घ्यायला हरकत नाही. पेटवून प्रत्येक रंग वेगळा चालतो का आणि पंखा खडखडत नाही ना, एवढं बघा. चिलर घ्यायचा तर विकणाऱ्याच्या घरी 20 लिटरची बादली भरून त्यावर चालवा. अर्ध्या तासात पाणी तीन-चार अंश उतरलं आणि ठरवलेल्या आकड्याला कॉम्प्रेसर आपोआप थांबला तर पुढे बोला. आधीच्या टाकीत माशांना तांब्याचं औषध दिलं होतं का, हेही विचारा. उत्तर हो आलं तर पाइप आणि पंप नवे घ्यायचे, आणि ती किंमत सौद्यातून वजा करायची.